नदीकाठची सहल : एक नमुना पाठ



सहल हा मुलांच्या अत्यंत आवडीचा कार्यक्रम होय. परंतु मुलांनी लिहिलेले सहलींचे वृत्तान्त वाचले, तर निघणे, जेवणे आणि परतणे यांपलीकडे त्यांत फारसे काही आढळत नाही. दिवसभर नदीकाठी राहूनही नदी कोणत्या दिशेस वाहते हे मुलास सांगता येऊ नये, ही विचार करावयास लावणारी गोष्ट आहे. याकरिता सहलीपूर्वी वर्गात एक पाठ व्हावा व त्यातील प्रश्न बरोबर घेऊनच मुलांनी नदीवर जावे. इयत्ता सहावी-सातवीसाठी अशा पाठाची आखणी पुढे दिली आहे. पाठातील नदी दूरची, ऑस्ट्रेलियातील आहे. प्रश्न मात्र आपल्या ओढ्याला लागू पडणारे आहेत.

पूर्वतयारी. जगाचा नकाशा, निलगिरीची एक डहाळी, मूठभर वाळू आणि काळ्या पाषाणाचा एक तुकडा. याहून अधिक साहित्य लागत नाही.

प्रस्तावना. डहाळी मुलांच्या हाती द्यावी. पान चुरगळून वास घेऊ द्यावा. ‘हे झाड मूळचे कोठले?’ असा प्रश्न विचारावा. निलगिरी, तसेच कोकण किनाऱ्यावरील सुरू, ही झाडे माणसांनी आपल्याकडे आणून लावली, हे सांगून नकाशावर ऑस्ट्रेलिया दाखवावा. ‘या झाडांच्या मायभूमीतील एका नदीच्या काठाने आज आपण चालत जाऊ,’ असे हेतुकथन करावे.

विषय-विवेचन. सिडनी शहराच्या दक्षिणेस ‘रॉयल नॅशनल पार्क’ हे राष्ट्रीय उद्यान आहे. त्याची स्थापना १८७९ साली झाली. अमेरिकेतील यलोस्टोन (१८७२) नंतरचे हे जगातील फार जुने राष्ट्रीय उद्यान. वाढत्या शहरातील लोकांना मोकळी हवा व विश्रांती मिळावी, हा मूळ उद्देश होता. आज त्याचा विस्तार सुमारे १५ हजार हेक्टर आहे. तथापि ही जागा तत्पूर्वी ओसाड नव्हती. धारावल लोक तेथे हजारो वर्षे राहत आले होते. खडकांच्या कपारींत त्यांचा निवारा होता व खडकांवर त्यांनी कोरलेल्या आकृती अद्यापि आहेत, हे मुलांना अवश्य सांगावे.

उद्यानातून हॅकिंग नदी उत्तरेकडे वाहते. तिच्या काठी ऑडली येथे सहलीची मैदाने आहेत. त्यांतील एकाचे नाव ‘वॅटल फॉरेस्ट’. वॅटल म्हणजे बाभळीच्या कुळातील झाड. येथून नदीकाठाने सुमारे १० किलोमीटरची एक वाट दक्षिणेकडे जाते. १८८६ साली घोडागाड्यांसाठी केलेला हा रस्ता गव्हर्नरच्या पत्नीच्या नावाने ‘लेडी कॅरिंग्टन ड्राइव्ह’ म्हणून ओळखला जातो. आता त्यावर मोटारींस मज्जाव असून लोक पायी वा सायकलीने जातात. मध्ये मध्ये विसाव्यासाठी मोकळ्या जागा आहेत. ‘नदी उत्तरेस वाहते व आपण दक्षिणेस चाललो आहोत, मग आपण उगमाकडे चाललो की मुखाकडे?’ हे येथे विचारावे.

वाटेवर तीन गोष्टींकडे लक्ष वेधावे.

पहिली गोष्ट पाण्याची. ऑडली येथे नदीवर एक बुटका बंधारा आहे. त्याच्या खाली भरतीचे खारे पाणी, वर नदीचे गोडे पाणी. रस्ता बंधाऱ्यावरूनच जातो; जोराचा पाऊस झाला की तो पाण्याखाली जाऊन वाहतूक बंद होते. आपल्या गावच्या फरशी पुलाचे हेच होते, हे मुले आपण होऊन सांगतील.

दुसरी गोष्ट खडकाची. तेथील खडक वालुकाश्म आहे. प्राचीन काळी नद्यांनी वाहून आणलेल्या वाळूचे थर दाबाने घट्ट होऊन तो बनला. आपला काळा पाषाण लाव्हा थंड होऊन झाला. वाळू व दगडाचा तुकडा शेजारी ठेवून हा भेद दाखवावा.

तिसरी गोष्ट झाडांची. चढावर निलगिरीच्या जाती, तर ओलसर घळींत दाट सावलीचे वर्षारण्य. आगीत होरपळल्यावरही अनेक निलगिरींच्या खोडांतून नवे कोंब फुटतात. वर्षारण्याला मात्र आग सोसत नाही. जानेवारी १९९४ च्या वणव्यात उद्यानाचा नऊ-दशांशाहून अधिक भाग जळाला. तेथे जानेवारी हा उन्हाळ्याचा महिना, हेही ओघाने सांगावे. आगीचा धोका मोठा असतो त्या दिवशी तेथे उघड्यावर चूल पेटवण्यास बंदी असते.

मर्म. या उद्यानात विसाव्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी बाहेरची हरणे सोडण्यात आली. आपल्या सांबराच्या जवळची ती रुसा जात. हेतू वाईट नव्हता. परंतु तेथे त्यांना आवरणारा मोठा शिकारी प्राणी नव्हता. ती वाढली, कोवळी रोपे खाऊ लागली आणि पुढे त्यांची संख्या कमी करण्याचे काम माणसालाच अंगावर घ्यावे लागले. ज्या जागी आपण पाहुणे म्हणून जातो, तेथे आपण काय नेतो व काय सोडून येतो, हा या पाठाचा गाभा आहे. आपल्या नद्यांतील जलपर्णी व बांधावरील गाजरगवत हीही बाहेरूनच आलेली आहेत. दोन्हींचे उदाहरण मुलांच्या रोजच्या पाहण्यातले आहे.

उपयोजन. आठवड्याच्या आत मुलांना गावच्या नदीवर वा ओढ्यावर न्यावे. चार-चार मुलांचे गट करून प्रत्येक गटास एकच काम द्यावे : प्रवाहाची दिशा व काठाचा नकाशा, खडक व माती, झाडे, त्यांत मूळची कोणती व आणलेली कोणती, माणसांनी टाकलेल्या वस्तूंची मोजदाद. कोकणातील शाळांनी भरतीचे पाणी कोठवर चढते ते पाहावे. देशावरील शाळांनी बंधाऱ्याच्या वरचे व खालचे पाणी पडताळावे. गावातील एखाद्या वृद्ध शेतकऱ्यास किंवा कोळ्यास बरोबर घ्यावे. नदीची जुनी पात्रे व डोहांची नावे त्यांच्याइतकी कोणास ठाऊक नसतात.

दक्षता. पालकांची संमती घ्यावी. मुलांची शिरगणती निघताना, पोचल्यावर, जेवणापूर्वी व परतताना अशी चार वेळा करावी. शांत दिसणारा डोह खोल असतो, आणि वर पाऊस झाल्यास खाली ऊन असतानाही लोंढा येतो. म्हणून कोणालाही पाण्यात उतरू देऊ नये. चूल पेटवलीच तर पाणी ओतून निखारे हाताला गार लागेपर्यंत जागा सोडू नये. फाल्गुन-चैत्रात ती पेटवूच नये. उरलेले अन्न व कागद शाळेत परत आणावेत.

परतल्यावर प्रत्येक मुलाने दहा ओळींचा वृत्तान्त लिहावा. त्यात जेवणाची एक ओळ असण्यास हरकत नाही. उरलेल्या नऊ ओळी नदीच्या असाव्यात.