मोठ्या मुलाचा महागडा फोन चोरीला गेला, नवीन कोणी घ्यायचा?

(या महिन्याचा अभ्यास. बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा, मग सगळ्यांनी बोलावं.)



बियाणं, शेळी, दवाखाना, मुलांची फी ही कर्जमागणीची कारणं आपल्या सवयीची आहेत. त्यांच्या जोडीला आता मोबाईल आला आहे. अर्जावर तो कधी ‘मोबाईल’ म्हणून येतो, कधी ‘घरखर्च’ म्हणून, तर कधी चक्क ‘शेळीपालन’ म्हणून! त्यातही फोन चोरीला गेला असेल, तर आईचा जीव वरखाली होतो आणि निर्णय घाईत होतो. म्हणून हा विषय शांतपणे समजून घेऊ.

एक उदाहरण

समजा, एका ताईंचा मुलगा २२ वर्षांचा आहे. आयटीआय करून चाकणला एका कारखान्यात कंत्राटी कामाला लागलाय. महिन्याला १६ हजार हातात येतात. खोलीभाडं, मेस, येणं-जाणं भागवून पाच हजार उरतात. दिवाळीत त्याने ३० हजारांचा फोन घेतला, त्यातले निम्मे आईवडिलांनी दिले. चार महिन्यांत एसटीच्या गर्दीत खिशातून फोन गेला. रात्री मित्राच्या फोनवरून त्याने घरी फोन लावला, “आई, फोन गेला गं. मला तसलाच पाहिजे. सगळ्यांकडे तसलेच आहेत.” पुढच्या बैठकीत ताईंनी गटाकडे ३० हजारांची मागणी केली.

तुम्ही त्या गटात असता, तर काय म्हणाला असता? वाचणारीने इथे थांबावं. दोघी-तिघींचं मत ऐकावं आणि मग पुढे जावं.

पैशाचं नंतर, आधी नुकसान थांबवा

फोन गेला की पहिली भीती फोनच्या किमतीची वाटते. पण फोनमध्ये बँक खातं असतं, पैसे पाठवायचं अ‍ॅप असतं, आधारचे फोटो असतात. म्हणून नवीन फोनचा विषय बाजूला ठेवून मुलाला ही कामं लगेच करायला सांगा.

१. सिम कंपनीला कळवून जुनं सिम बंद करा आणि त्याच नंबरचं नवीन सिम घ्या. नवीन सिमवर मेसेज सुरू व्हायला साधारण २४ तास लागतात.

२. बँकेला फोन करून मोबाईल बँकिंग आणि यूपीआय बंद करायला सांगा. खात्यातून पैसे गेले असतील, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब तक्रार करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

३. पोलीस ठाण्यात तक्रार द्या. फोन चोरीला गेला असेल, तर ‘चोरीला गेला’ असंच लिहून द्या, ‘हरवला’ असं लिहू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार गुन्हा कुठेही घडला असला, तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात त्याची माहिती देता येते, आणि गुन्हा नोंदवल्यावर त्याची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. फोनचा विमा असेल, तर ही प्रत लागतेच.

४. केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ या सेवेवर फोन ब्लॉक करा. ही सेवा मे २०२३ पासून देशभर सुरू आहे. त्यासाठी तक्रारीची प्रत, ओळखपत्र आणि फोनचा १५ अंकी आयएमईआय नंबर लागतो. ब्लॉक केलेला फोन चोराच्या कामाचा राहत नाही. कोणी त्यात सिम घातलं, तर पोलिसांना माग काढता येतो. फोन सापडला, तर तो पुन्हा सुरूही करता येतो.

आयएमईआय नंबर फोनच्या खोक्यावर आणि बिलावर असतो. फोन हातात असताना *#०६# दाबलं, तरी दिसतो. आजच घरातल्या प्रत्येक फोनचा नंबर वहीत उतरवून ठेवा. फोन गेल्यावर तो शोधत बसावं लागत नाही.

आणखी एक सांगणं. चोरी झाली म्हणून मुलाला घालून-पाडून बोलू नका. चोरी चोराने केली आहे. पण मुलाचा दोष नाही, म्हणून पैसे आईवडिलांनी भरायचे, असंही होत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

गरज किती आणि हौस किती?

फोन ही आता चैन राहिली नाही, हे मान्यच करू. पगाराचा मेसेज, बँकेचा ओटीपी, कामावरचा निरोप, आईची खुशाली, सगळं फोनवर येतं. परगावी राहणारं लेकरू फोनशिवाय राहिलं, तर घरच्यांना झोप लागत नाही. तेव्हा फोन ही गरज आहे.

पण तसलाच फोन ही गरज आहे का? वर सांगितलेली सगळी कामं नऊ-दहा हजारांच्या फोनवर होतात. उरलेले २० हजार कॅमेऱ्याचे, कंपनीच्या नावाचे आणि चारचौघांत खिशातून काढताना वाटणाऱ्या ऐटीचे आहेत. हौस करायला आपली ना नाही. पण हौस ज्याची, पैसेही त्याचेच असावेत.

वापरलेला फोन घेणार असाल, तर तो चोरीचा नाही ना, हे आधी पाहा. मेसेजमध्ये इंग्रजी अक्षरांत केवायएम लिहा, एक जागा सोडून १५ अंकी नंबर लिहा आणि १४४२२ वर पाठवा. फोन ब्लॉक केलेला असेल, तर उत्तरात कळतं. आपल्या मुलाचा फोन चोरीला गेला म्हणून आपण दुसऱ्याच्या मुलाचा चोरीचा फोन विकत घ्यायचा, असं नको व्हायला.

आता वहीतला हिशोब

आपल्या उदाहरणातल्या गटात दहा जणी आहेत आणि प्रत्येकीची महिन्याची बचत १०० रुपये आहे असं धरा. म्हणजे गटाची महिन्याची बचत १,००० रुपये. ३० हजार रुपये जमायला दहा बायकांना ३० महिने लागतात. अडीच वर्षांची दहा जणींची बचत एका खिशात मावते, आणि एसटीच्या धक्क्यात जाते.

आता कर्ज पाहू. ३० हजार रुपये, दरमहा शेकडा २ रुपये व्याज, १२ हप्ते. दर महिन्याला मुद्दल २,५०० फेडायची. पहिल्या महिन्याचं व्याज ६००, म्हणजे पहिला हप्ता ३,१०० रुपये. पुढे व्याज दर महिन्याला ५० रुपयांनी कमी होतं. वर्षभराचं व्याज ३,९०० रुपये. हा हप्ता ताईंनी मजुरीतून भरायचा, आणि मुलाकडे महिन्याला उरणारे पाच हजार तसेच खर्च व्हायचे, हे पटतंय का?

दुसरा मार्ग बघू. १० हजारांचा फोन, त्याच व्याजाने, १० हप्त्यांत. पहिला हप्ता १,२०० रुपये, पूर्ण कर्जाचं व्याज १,१०० रुपये. हा हप्ता मुलाला स्वतःला झेपतो. १० हजारांचं कर्ज फेडून झालं, की त्याने दर महिन्याला २,५०० रुपये बाजूला टाकावेत. वर्षभरात ३० हजार जमतात, तेही बिनव्याजी. तेव्हा खुशाल हवा तो फोन घेऊ दे.

दुकानदार ‘शून्य टक्के व्याजावर हप्ते’ म्हणतो, तेव्हा दोन प्रश्न विचारा. फाईलचे पैसे किती? आणि रोख दिले, तर किंमत किती कमी होईल? या दोन उत्तरांत बऱ्याचदा व्याज लपलेलं असतं.

मग आईबापांनी द्यायचं की नाही?

सगळ्या घरांना एकच उत्तर लागू पडत नाही. तरी निर्णय घ्यायला ही वाट उपयोगी पडेल.

मुलगा किंवा मुलगी कमावती असेल, तर नवीन फोन त्यांनी स्वतः घ्यावा. अगदीच अडचण असेल, तर आईवडिलांनी कामापुरत्या फोनचे पैसे उसने द्यावेत. उसने म्हणजे उसनेच. कधी परत करणार, दरमहा किती, हे वहीत लिहून दोघांनी सही करावी. आपण गटात एकमेकींवर विश्वास असूनही सही घेतोच ना? मग पोटच्या पोराची सही घेण्यात परकेपणा कसला?

मूल अजून शिकत असेल, कमाई नसेल, तर साधा फोन आईवडिलांनी घेऊन द्यावा. किती पैसे देणार, तो आकडा दुकानात जायच्या आधी घरात ठरवावा.

घरात साठवलेले पैसे आहेत, डोक्यावर कर्ज नाही, धाकट्यांची फी भरलेली आहे आणि आईवडिलांची मनापासून इच्छा आहे, तर महाग फोनही द्यावा. पैसे तुमचे, आनंदही तुमचा. फक्त ऋण काढून हा सण करू नका.

“पोरगा रुसेल, फोन करायचा बंद होईल,” अशी भीती आईला वाटते, आणि ती खोटी नाही. तेव्हा नुसतं ‘नाही’ म्हणू नका. असं म्हणून बघा, “बाळा, तुझा फोन गेला, मलाही वाईट वाटलं. तू बिनफोनचा राहणार नाहीस. कामापुरत्या फोनचे पैसे मी उसने देते. तसला फोन मात्र तू तुझ्या कमाईतून घे.” दोन दिवस रुसेल. पण २२ व्या वर्षी नुकसान स्वतः भरून काढायला शिकला, तर उद्या शेतात किंवा धंद्यात खोट आली, तरी खचणार नाही. प्रत्येक वेळी आपण भरत राहिलो, तर आपले हात थकल्यावर त्याचं कोण भरणार?

मुलीचा फोन गेला असता तर?

हा प्रश्न गटात जरूर काढा. मुलाचा फोन गेला, तर घर कर्ज काढायला निघतं. तालुक्याला कॉलेजला जाणाऱ्या मुलीचा गेला, तर “तिला कशाला पाहिजे फोन? आता कॉलेजही पुरे” असं ऐकू येतं. चोरी तीच, पण मुलाला भरपाई आणि मुलीला शिक्षा! एसटीने ये-जा करणाऱ्या मुलीला फोनची गरज कमी नाही. अडचणीच्या वेळी ११२ ला फोन लावायला तरी तो हातात पाहिजे. घरात नियम करायचा, तर दोघांना एकच करा.

आणि तायांनो, तुमच्या स्वतःच्या हातातला फोन कोणता आहे? मुलाचा जुना, काच फुटलेला? कर्ज तुमच्या नावावर, हप्ता तुमच्या मजुरीतून, तर निर्णयात तुमचा शब्दही हवा.

अर्जावर खरं कारण लिहा

शेवटचं, पण गटासाठी सगळ्यात महत्त्वाचं. फोनसाठी घेतलेलं कर्ज ‘शेळीपालन’ म्हणून लिहू नका. शेळी व्याते, दूध देते, अडचणीला विकता येते. तिच्यातून हप्ता निघतो. फोनमधून हप्ता निघेलच असं नाही. कारण खोटं लिहिलं, की परतफेड कशातून होणार याचा गटाचा अंदाज चुकतो. हप्ता थकला, की त्याचा भार सगळ्या जणींवर येतो आणि बँकेचं पुढचं कर्ज अडतं. खरं कारण लिहिलं, तर गट निदान ‘३० नाही, १० देऊ’ असं म्हणू शकतो. तोच त्या ताईला खरा आधार आहे.

बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गटाने मोबाईलसाठी कर्ज द्यावं का? दिलं, तर जास्तीत जास्त किती? ठराव करून इतिवृत्तात लिहा.

२. एकाच वेळी एकीने दवाखान्यासाठी आणि दुसरीने फोनसाठी मागणी केली, तर आधी कोणाला?

३. कमावत्या मुला-मुलींनी घरात दरमहा किती द्यावं, हे तुमच्या घरात ठरलंय का?

४. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरातल्या सगळ्या फोनचे आयएमईआय नंबर वहीत लिहून आणावेत. जिला जमणार नाही, तिला शेजारच्या ताईने मदत करावी.