गिझर ‘डायरेक्ट’ करून घेऊ नका

थंडीत सकाळी पाणी तापलं नाही, की घरातला प्रत्येक माणूस वायरमन होतो. कुणी बटण खालीवर करतं, कुणी गिझरवर थापटी मारून बघतं, कुणी शेजारी विचारून येतं, “तुमच्याकडं पण लाईट डीम आहे का?” माझ्या लहानपणी ही कटकट नव्हती. माजलगावच्या भोवताली कपाशी मोप, त्यामुळं पऱ्हाट्यांना तोटा नव्हता. अंगणात तांब्याचा बंब, त्यात पऱ्हाट्यांचा जाळ, आणि पहिलं पाणी कुणाचं यावरून भावंडांची भांडणं. पुढं बंब माळ्यावर गेला आणि न्हाणीत २५ लिटरचा गिझर आला. तो तापायचा थांबला तेव्हा आमच्या घरात जे झालं, ते होण्यासारखं घराघरात आहे, म्हणून लिहितो.

एके दिवशी गिझरचा लाल दिवा लागेना. मेकॅनिक आला, खालचं झाकण काढलं, पक्कड चालवली, चिकटपट्टी गुंडाळली आणि म्हणाला, “डायरेक्ट केलंय सर, आता टेन्शन नाही.” पैसेही माफक घेतले. पाणी असं काही तापायला लागलं की घरात त्याचं कौतुक झालं. थोड्या दिवसांनी गरम नळ उघडला की पाण्याआधी वाफ यायला लागली. मग एका दुपारी आई बादली भरायला गेली आणि हात झटकत बाहेर आली. “नळाला हात लावला की मुंग्या यायल्यात,” म्हणाली. आत बघितलं तर गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून कढत पाण्याची धार लागलेली. मीटरजवळचा मेन स्विच पाडला आणि त्या दिवशी चुलीवरच पाणी ठेवलं.

माजलगावचं धरण झालं, पैठणच्या उजव्या कालव्यानं गोदावरीचं पाणी इथवर आलं, शिवारात मोटारी बसल्या आणि मोटारींच्या मागोमाग त्या भरून देणारी वाइंडिंगची दुकानं आली. जळालेल्या मोटारी उघडण्यात उभी हयात गेलेले असे एक मामा ओळखीचे होते. त्यांनी झाकण काढलं, आत बोट दाखवलं. थर्मोस्टॅट आणि कटआउट, दोन्हींच्या वायरी सोडवून एकमेकींना जोडलेल्या. म्हणजे फेज सरळ कॉइलला. मामा एवढंच म्हणाले, “चालू तर केलं. पण ते बंद कामून झालं होतं, हे विचारलं का त्यानं?”

हा प्रश्न गिझर तापत नसेल तेव्हा पहिल्यांदा विचारायचा असतो. साठवणीच्या गिझरमध्ये कॉइलकडं जाणाऱ्या विजेच्या वाटेवर दोन राखणदार असतात. थर्मोस्टॅट ठरवलेलं तापमान आलं की वीज तोडतो आणि पाणी निवलं की पुन्हा जोडतो. त्याचं रोजचं काम ते. त्याचे पॉइंट चिकटून बसले आणि पाणी तापतच राहिलं, तर उकळी फुटायच्या आधी कटआउट वीज तोडतो. तो बहुतेक गिझरमध्ये आपोआप परत जोडला जात नाही, त्याचं छोटं बटण हातानं दाबावं लागतं. तिसरा राखणदार सेफ्टी व्हॉल्व्ह, तो पाण्याच्या बाजूला असतो आणि दाब वाढला की पाणी बाहेर सोडतो. म्हणजे गिझर एकदम थंड पडला, तर पुष्कळदा काही मोडलेलं नसतं. कुणीतरी आपलं काम चोख केलेलं असतं. ‘डायरेक्ट’ करणं म्हणजे त्यालाच कामावरून काढून टाकणं.

आणि हे दोन गेल्यावर आमचं घर तिसऱ्यावर तगलं. व्हॉल्व्ह थेंबथेंब गळतो म्हणून त्याच्या तोंडात लाकडी खुंटी ठोकलेली मी एका ठिकाणी पाहिली आहे. पाणी तापताना फुगतं, ते थोडं बाहेर पडणारच. डायरेक्ट केलेली कॉइल आणि बूच मारलेला व्हॉल्व्ह एका गिझरवर असले, तर टाकी न फुटायला कारण उरत नाही, वेळ तेवढी उरते.

आता आमचा कटआउट पडला का होता? मामांनी पाणी काढून कॉइल बाहेर ओढली. तांब्याची नळी कुठं दिसतच नव्हती. तिच्यावर पांढुरका, मधेच तपकिरी थर, आणि पान्याची मूठ मारली की करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा तो सुटून पडायचा. टाकीच्या तळाशी त्याच्याच कपच्यांचा ढीग. आपल्याकडं नळाचं पाणी पुरत नाही म्हणून बोअरचं पाणी वरच्या टाकीत सोडतात, आणि काळ्या पाषाणातून आलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार असतातच. थंड पाण्यात ते विरघळलेले राहतात, तापलं की दगड होऊन बसतात, आणि सगळ्यात आधी बसतात ते सगळ्यात गरम जागी, म्हणजे कॉइलवर. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक लिटरला २०० मिलिग्रॅम कठीणपणा योग्य धरतं, दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. तुमच्या बोअरचा आकडा भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाणी तपासून कळतो. तांब्याला पांढरे डाग पडत असतील आणि डाळ शिजायला वेळ घेत असेल, तर अंदाज न तपासताही येतो.

थर बसला की कॉइलची उष्णता पाण्यात उतरत नाही. नळी आतल्या आत लालबुंद होते, बूड तापतं, कटआउट पडतो. तो पडला तेव्हा कॉइल साफ केली असती तर काम भागलं असतं. डायरेक्ट केल्यावर ती तशीच तापत राहिली आणि नळीला चीर गेली. नळीच्या आत तार असते, तार आणि नळी यांच्यामध्ये पांढरी भुकटी भरलेली असते. चिरेतून पाणी आत शिरलं की करंट पाण्यात उतरतो, पाण्यातून नळाला. अर्थिंग धड असतं तर तो जमिनीत गेला असता. आमच्या सॉकेटच्या तिसऱ्या भोकाला मागं वायरच नव्हती.

म्हणून तुमचा गिझर तापेनासा झाला, तर झाकणाला हात लावायच्या आधी बाहेरूनच बरंच कळतं. लाल दिवा लागतोय आणि पाणी थंड आहे, तर बहुतेक मॉडेलांत अर्थ असा की वीज कॉइलपर्यंत पोचली पण कॉइल आतून तुटली. दिवाच लागत नाही, तर कटआउट, थर्मोस्टॅट किंवा बाहेरचा सप्लाय. टेस्टर पेटला म्हणून सप्लाय आहे असं धरू नका. टेस्टर फक्त फेज दाखवतो. न्यूट्रल सुटलेला असेल तरी टेस्टर झकास पेटतो, गिझर मात्र मेलेला असतो. प्लगची पिन काळी पडली आहे का तेही बघा. २००० वॅटचा गिझर जवळपास ९ अँपिअर ओढतो, ३००० वॅटचा इन्स्टंट १३. त्याला १६ अँपिअरचं सॉकेटच लागतं. मिक्सरच्या सॉकेटवर लावलेला गिझर आधी सॉकेट जाळतो.

पाणी तापतंय पण वेळ फार लागतोय, असं असेल तर कुणाला बोलवू नका, व्होल्टेज मोजा. वस्तीवरच्या घरांना हे खास सांगणं आहे. २३० व्होल्टवर २००० वॅट देणारी कॉइल १८० व्होल्टवर १२२५ वॅटच देते, कारण व्होल्टेज थोडं उतरलं तरी उष्णता वर्गाच्या हिशेबानं उतरते. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ५५ वर न्यायला एरवी अर्धा तास लागतो, तिथं पन्नास मिनिटं लागतात. रब्बीत गव्हा-हरभऱ्याला पाणी चालू असतं, एका डीपीवर सगळ्या मोटारी एकदम ओढतात, तेव्हा हे व्हायचंच. यात गिझरचा दोष काही नाही आणि मेकॅनिकला त्यात करण्यासारखंही काही नाही. घराला मिळणारं व्होल्टेज सहा टक्क्यांपेक्षा जास्त वरखाली होऊ नये, म्हणजे साधारण २१६ ते २४४ च्या मध्ये असावं, असा नियम आहे. तक्रारीचा नंबर १९१२. तक्रार केली की क्रमांक लिहून ठेवा, त्याशिवाय पुढच्या वेळी कुणी दाद देत नाही.

झाकण उघडायचं ठरलंच, तर भिंतीवरचं बटण बंद करून भागत नाही. जुन्या घरांत कित्येक बटणं न्यूट्रलवर बसवलेली असतात, बटण बंद केलं तरी फेज आत जिवंत राहतो. एमसीबी पाडा, प्लग उपसा, आणि घरातल्यांना सांगून ठेवा. कुणीतरी “लाईट का गेली” म्हणून तो वर करतंच.

मल्टीमीटर आता गावातही मिळतो आणि घरात असावा. कॉइलच्या दोन्ही वायरी सोडवून तिच्या टोकांना लावा. २००० वॅटची कॉइल २६ ओहमच्या आसपास दाखवते, ३००० वॅटची साडेसतराच्या. आकडाच आला नाही तर कॉइल गेली. मग एक टोक कॉइलला आणि दुसरं नळीच्या धातूला लावा. इथं उलट, काहीही आकडा येता कामा नये. आला तर करंट पाण्यात उतरतोय आणि ती कॉइल भंगारात. आला नाही तरी निर्धास्त होऊ नका, बारीक गळती साध्या मल्टीमीटरला दिसत नाही. ती वाइंडिंगच्या दुकानातल्या मेगरवर कळते, तपासून मागा. कटआउटच्या दोन टोकांत मात्र शून्य ओहम यायला हवा. आला नाही तर त्याचं बटण दाबा, एकदाच. पुन्हा पडला तर दाबत बसू नका. थर्मोस्टॅट चिकटलाय, कॉइलवर थर आलाय, एखादी वायर ढिली होऊन शेजारीच तापतेय किंवा टाकीत पाणीच नव्हतं, यातलं काहीतरी आहे.

टाकी रिकामी कशी होईल, असं वाटतं. गरम पाणी वरून निघतं, त्यामुळं छतावरची टाकी संपली तरी गिझर भरलेला राहायला हवा. पण थंड पाण्याच्या वाटेवर एक व्हॉल्व्ह असतो, पाणी मागं जाऊ न देणारा. त्यात क्षाराची कपची अडकली की खालचा नळ उघडल्यावर गिझरमधलं पाणी उलटं उतरून जातं. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, छतावरची टाकी कोरडी, आणि अशा वेळी सवयीनं गिझरचं बटण दाबलं जातं. कोरडी कॉइल काही मिनिटांत जाते.

थर काढायला किराणा दुकानातलं लिंबूसत्व पुरतं. कोमट पाण्यात घालून कॉइल रात्रभर बुडवून ठेवा, बुडबुडे यायचे थांबले की झालं. टोकं मात्र पाण्याबाहेर ठेवा. फरशी धुवायचं ॲसिड वापरू नका, ते थराबरोबर तांबंही खातं. कॉइलशेजारी मॅग्नेशियमची कांडी असते. टाकीऐवजी तिनं झिजायचं, एवढंच तिचं काम. ती बारीक झाली असेल तर त्याच वेळी बदला, कारण टाकीच झिरपायला लागली तर मग दुरुस्ती नाही. आणि पुढं थर्मोस्टॅट ५५-६० वर ठेवा. जास्त तापवून मग त्यात अर्धं थंड पाणी ओतायचं, हा आपला शौक थराला खतपाणी घालतो.

मेकॅनिक बोलावलात तर त्याच्यासमोर उभे राहा. घाई त्याचीही असते आणि थंडीत तुमचीही, डायरेक्ट करण्याचा शोध त्या घाईतूनच लागलाय. काढलेला पार्ट हातात मागा. नवा थर्मोस्टॅट किंवा कटआउट गावात मिळाला नाही, तर बीडहून येईपर्यंत चुलीवर पाणी तापवा. अर्थिंगची वायर खरोखर खड्ड्यापर्यंत जाते का ते पाहा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावं लागतं. मेनजवळ ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवून घ्या. एमसीबी वायरी वाचवतो, आरसीसीबी माणूस. ते बसेपर्यंत गिझर बंद करून, प्लग काढूनच अंघोळीला बसायचं, पोरांनाही तेच शिकवा.

जोडताना गॅसकेट नवं घाला, जुनं पुन्हा बसत नाही. पाणी सोडा आणि गरम नळ उघडा ठेवा. आधी फुसफुस करत हवा येईल, मग तुटक धार. धार अखंड झाली की नळ बंद करा, बुडाशी हात फिरवून गळत नाही ना ते बघा, आणि मगच एमसीबी वर करा.