जुनाट लंगडेपणा असलेल्या घोड्याची पारख व निगा

मुंबईच्या रस्त्यांवर ‘व्हिक्टोरिया’ घोडागाडी शतकाहून अधिक काळ धावली. केवळ हौसेच्या फेऱ्यांसाठी ती चालविणे बेकायदेशीर आहे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये दिला व ती बंद करण्यास एक वर्षाची मुदत घातली. गाडी गेली, तरी अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत लग्नाच्या वरातीसाठी घोडा अजून लागतो. कठीण रस्त्यावर राबलेला घोडा कायमचा लंगडू लागला, की तो अल्प किमतीत विकावयास निघतो. असे जनावर पदरी घेणे हे भूतदयेचे काम खरे. परंतु ते कशाने लंगडते हे न ओळखता घेतल्यास दया आणि पैसा दोन्ही वाया जातात. लंगडेपणा हा रोग नव्हे, रोगाचे लक्षण होय. एका रोगात विश्रांती हाच उपाय असतो, तर दुसऱ्यात तीच विश्रांती अपाय करते.

१. घेण्यापूर्वीची पारख

घोडा सकाळी, ठाणावरून हलविण्यापूर्वी पाहावा. फिरवून अंग मोकळे झालेल्या घोड्याचा दोष पुष्कळदा झाकला जातो. वेदनाशामक औषधानेही तो तात्पुरता दिसेनासा होतो. म्हणून काही दिवसांच्या अंतराने घोडा दोनदा पाहणे हितावह असते. प्रथम तो उभा असताना पाहावा, मग सरळ रेषेत चालवावा आणि शेवटी कठीण जमिनीवर दुडक्या चालीने पळवावा. पुढील पाय दुखत असल्यास तो जमिनीवर टेकताना घोडा डोके वर उचलतो व निरोगी पायावर भार देताना खाली आणतो. मागील पाय दुखत असल्यास त्या बाजूचा पुठ्ठा अधिक वरखाली होतो. त्यानंतर चारही खूर उचलून तपासावेत. व्यवहार पक्का करण्यापूर्वी पशुवैद्याकडून तपासणी अवश्य करून घ्यावी.

२. खुराचा दाह

खुराचे कवच व आतील हाड यांना जोडणारे पापुद्रे या रोगात सुजतात व हाड जागेवरून ढळते. अति धान्य व लठ्ठपणा ही त्याची प्रमुख कारणे होत. घोडा पुढील पाय पुढे ताणून टाचांवर भार घेतो आणि वळताना फार कष्टी होतो. रोग जुना झाल्यावर खुरावर कडी उमटतात. त्यांतील अंतर टाचेकडे अधिक असते.

अशा घोड्याला धान्य बंद करावे, जाड व मऊ बिछाना द्यावा आणि दुखणे उसळले असता पूर्ण विश्रांती द्यावी. लठ्ठ घोड्याला दररोज त्याच्या वजनाच्या सुमारे दीड टक्का वाळलेले गवत पुरते. म्हणजे ३०० किलो वजनाच्या घोड्यास साडेचार किलो. गवत तासभर पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिल्यास गवतातील साखर कमी होते. मात्र वजन उतरविण्यासाठी घोड्याला उपाशी ठेवू नये.

३. टाचेचे दुखणे

पुढील खुरात, टाचेच्या आत एक लहान हाड असते. ते व त्याच्यामागील स्नायुबंध झिजल्यास घोडा आखूड पावले टाकतो आणि टाचेऐवजी खुराचा पुढील भाग आधी टेकवितो. अंगठ्याकडे वाढलेला व टाचेकडे खुजा असा खूर हे दुखणे वाढवितो. पशुवैद्य व जाणता नालबंद यांनी मिळून खुराचा तोल सुधारावा व टाचेला आधार देणारा नाल ठोकावा. हा रोग समूळ बरा होत नाही. परंतु मऊ जमिनीवर बेताने चालविल्यास घोडा पुष्कळ काळ सुखाने राहू शकतो.

४. गुडघ्याची वाटी अडकणे

मागील पायाचा खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो. तेथील वाटी अडकली, की पाय मागे ताठ राहतो, खुराचे टोक जमिनीवर घासते आणि मग झटक्याने पाय सुटतो. घोडा काही पावले मागे सरकविल्यास वाटी बहुधा सुटते. अशक्त मांडीच्या व सतत बांधून ठेवलेल्या घोड्यात हा दोष वाढतो. येथे बांधून ठेवणे हितकारक नसते. पशुवैद्याच्या सल्ल्याने रोज नियमित चालविणे, सौम्य चढावर नेणे व पुरेसा आहार देणे यांनी मांडी भरते आणि वाटी अडकणे कमी होते. शस्त्रक्रिया हा शेवटचा उपाय समजावा.

५. खूर आणि पावसाळा

दर चार ते सहा आठवड्यांनी खूर छाटावेत. खूर महिन्याला सुमारे ८ ते १० मिलिमीटर वाढतो. म्हणून संपूर्ण नवा खूर येण्यास जवळजवळ एक वर्ष लागते. एका छाटणीत सुधारणा दिसली नाही म्हणून निराश होऊ नये. उपनगरांत पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्या काळात ठाण उंच व उताराचे ठेवावे, मूत्र व शेण रोज काढावे आणि खुराचा तळवा दररोज साफ करून कोरडा करावा. एरव्ही तळव्यातील मऊ भाग कुजून दुर्गंधी सुटते आणि जुन्या लंगडेपणात नव्याची भर पडते.

६. काम व कायदा

रोग, वय किंवा जखम यांमुळे कामास अयोग्य झालेल्या जनावराला कामास लावणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. यास्तव लंगडणाऱ्या घोड्याला वरातीस वा ओझ्याला जुंपू नये. त्याच्यापासून मिळकत होईल अशी आशा धरणाऱ्याने तो घेऊच नये. चारा, नालबंद व औषध यांचा खर्च सोसणाऱ्यानेच तो घ्यावा.

ग्रामसेवकांनी अशा घोड्याची नोंदवही मालकास ठेवावयास लावावी : खूर छाटल्याची तारीख, आहाराचे वजन, चालीतील फरक. परळ येथे १८८६ साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. दूर न्यावयाचे झाल्यास लंगडा घोडा चालवत न नेता वाहनातून न्यावा. सर्व उपाय करूनही वेदना आटोक्यात न आल्यास घोड्याला विकून दुसऱ्याच्या दारी पाठवू नये. पशुवैद्याच्या निर्णयाने त्यास वेदनारहित मरण देणे हेच अशा वेळी मालकाचे अखेरचे कर्तव्य ठरते.