छपराची निगा आणि घराचा विमा



शाहपुरच्या परिसरात मे-जूनचे वादळ केळीची बाग आडवी करते, तसे घरावरचे पत्रेही उडविते. पीकविमा पिकापुरताच असतो. छपरासाठी घराचा विमा वेगळा काढावा लागतो.

1 एप्रिल 2021 पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' ही एकाच नमुन्याची पॉलिसी मिळते. आग, वीज, वादळ, पूर व भूकंप यांनी झालेले नुकसान तीत धरले जाते. गंजलेला पत्रा, वाळवीने पोखरलेला वासा वा जुनी गळती मात्र धरली जात नाही. ती निगा आपणच राखावयाची. विम्याची रक्कम घर पुन्हा बांधण्याच्या खर्चाइतकी ठेवावी. जागेची किंमत तीत मिळवू नये. छप्पर गवताचे वा ताडपत्रीचे असल्यास अर्जात तसे स्पष्ट लिहावे.

पावसाळ्यापूर्वी पुढील कामे उरकावीत, असे आम्ही सुचवितो :

1. कौलारू घर शाकारून घ्यावे. फुटकी कौले बदलावीत.
2. पत्रे हुकाच्या बोल्टने आवळावेत, विशेषतः वळचणीला व आढ्यापाशी. वारा तेथूनच पत्रा उचलतो. नुसत्या दगडांवर विसंबू नये. ते पडून माणसे जखमी होतात.
3. वासे ठोकून पाहावेत, पन्हळी साफ कराव्यात.
4. छपराचे फोटो काढून पॉलिसीजवळ ठेवावेत.

नुकसान झाल्यास कंपनीला ताबडतोब कळवावे. ताडपत्री घालून धान्य वाचवावे. पण सर्वेक्षक येईपर्यंत मोडके पत्रे टाकू नयेत. तहसीलीतही अर्ज द्यावा. राजस्व पुस्तक परिपत्रक 6-4 प्रमाणे मिळणारी सरकारी मदत विम्याहून वेगळी आहे.