रीस्टार्टच्या आधी लॉग

सर्व्हर बसला की पहिला हात रीस्टार्टकडे जातो. बहुतेकदा त्याने काम भागतंही, म्हणून तर सवय मोडत नाही. पण डेटाबेसच्या सर्व्हरला वारंवार रीस्टार्ट मारला की काय हातचं जातं, ते मी जवळून पाहिलं आहे.

मी राहतो बेलपाड्यात आणि तळोजा एमआयडीसीतल्या काही कारखान्यांचे डेटाबेस सांभाळतो. 17 नोव्हेंबर 2023 ला मेट्रो सुरू झाल्यापासून बेलपाडा स्थानकात चढायचं, पेंधरला उतरायचं आणि पुढे रिक्षा, इतकं जाणं-येणं सोपं झालं. फोनवरचं वाक्य मात्र बदललं नाही: "सर, सगळं करून बघितलं, आता तुम्हीच या." त्या 'सगळं'मध्ये रीस्टार्ट असतोच.

अशाच एका ठिकाणी गेट पास आणि चलनाचं सॉफ्टवेअर अडकलं. माल भरलेले ट्रक फाटकाशी उभे, ड्रायव्हर केबिनच्या खिडकीशी भांडतायत. कॉम्प्युटर बघणाऱ्या मुलाने घाबरून एसक्यूएल सर्व्हरची सर्व्हिस पुन्हा पुन्हा बंद-चालू केली. मी पोचलो तेव्हा लॉगच्या फोल्डरमधली एकूण एक फाइल त्याच सकाळची होती. सर्व्हिस सुरू झाली की नवी एररलॉग फाइल उघडते आणि जुन्या फाइली एकेक घर मागे सरकतात. मूळ सेटिंगमध्ये चालू फाइल एक आणि जुन्या सहा. सातव्या रीस्टार्टला, दुखणं सुरू झालं तेव्हाची फाइल कायमची पुसली जाते. पंचनाम्याआधीच घटनास्थळ धुऊन काढावं, तसला प्रकार.

नशिबाने एररलॉगमधले बरेच संदेश विंडोजच्या अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्येही उमटतात. इव्हेंट व्ह्यूअर उघडला, तर 825 क्रमांकाचा संदेश आदल्या कित्येक रात्री येऊन गेलेला. या संदेशाचा अर्थ असा: डिस्कवरून वाचताना चूक झाली, सर्व्हरने पुन्हा प्रयत्न केला आणि मग वाचता आलं. म्हणजे डिस्क कुरकुरायला लागली आहे. आणि एवढ्या मोठ्या इशाऱ्याला तीव्रता दिली आहे 10, निव्वळ माहितीची! कोणाला मेल जात नाही, पडद्यावर काही लाल होत नाही. पुढे सगळे प्रयत्न फसले की 823 किंवा 824 येतो, तोवर डेटाचं पान खराब झालेलं असतं. त्या मुलाला मी बोललो नाही. फाटकाशी ट्रक उभे असताना लॉग वाचत बसायला त्याला कोणी शिकवलं होतं?

तर आता शिकवतो. लॉगची फाइल नोटपॅडमध्ये उघडून खाली-वर करू नका. एक्सपी_रीडएररलॉग ही प्रोसिजर क्वेरी विंडोतून चालवा. पहिला आकडा फाइलचा, शून्य म्हणजे चालू फाइल. दुसरा आकडा 1 दिला की सर्व्हरचा लॉग, 2 दिला की एसक्यूएल सर्व्हर एजंटचा. मग शोधायचे दोन शब्द, मग कधीपासून आणि कधीपर्यंत. शब्दांच्या अवतरणाआधी कॅपिटल 'एन' लावायला विसरलात, तर प्रोसिजर पॅरामीटरचा प्रकार चुकला म्हणून अडून बसते. यात निम्मी दुपार घालवलेले लोक मला माहीत आहेत.

खरा खड्डा पुढे आहे. दोन शब्द दिले की ते दोन्ही एकाच ओळीत असावे लागतात. लॉगिन फसल्याची नोंद मात्र दोन ओळींत येते: एकीत 18456 हा क्रमांक आणि स्टेट, दुसरीत कोणाचं लॉगिन आणि कारण काय. क्रमांक आणि युजरचं नाव असं मिळून शोधलंत की निकाल शून्य, आणि माणूस बिनधास्त सांगतो, "लॉगमध्ये काहीच नाही." त्यापेक्षा एकाच शब्दाने वेळ शोधा आणि त्या वेळेच्या पाच मिनिटं मागे-पुढे सगळ्या ओळी शब्दाशिवाय काढा. स्टेटही लॉगमधूनच घ्या. वापरणाऱ्याच्या पडद्यावर तो मुद्दाम नेहमी 1 दाखवतात. लॉगमध्ये 8 असेल तर पासवर्ड चुकला, 5 असेल तर त्या नावाचं लॉगिनच नाही.

मायएसक्यूएलवाल्यांची अडचण वेगळी. 8.0.22 पासून परफॉर्मन्स स्कीमात एररलॉगचं टेबल आहे, साधी सिलेक्ट क्वेरी चालते. पण मूळ सेटिंगमध्ये फाइलमधली वेळ यूटीसीत असते आणि टेबल तीच वेळ तुमच्या सेशनच्या टाइमझोनमध्ये दाखवतं. सकाळी साडेदहाचा घोटाळा फाइलमध्ये पहाटे पाचला दिसतो, आणि मग रात्रपाळीवाल्याच्या नावाने खडे फोडले जातात.

माझ्याकडच्या प्रत्येक सर्व्हरवर आता जुन्या फाइली तीस ठेवतो (मर्यादा 99 ची आहे) आणि दर आठवड्याला एसपी_सायकल_एररलॉगने फाइल बदलतो, म्हणजे एकच फाइल अवाढव्य होत नाही. बॅकअप यशस्वी झाल्याच्या नोंदी फार गर्दी करतात, त्या 3226 या ट्रेस फ्लॅगने बंद होतात. 825, 823, 824 आले की मेल यावा म्हणून एजंटमध्ये अलर्ट लावलेले आहेत. आणि रीस्टार्ट करायचाच असेल, तर आधी लॉगचं आख्खं फोल्डर दुसरीकडे कॉपी. मिनिटभराचं काम आहे, ट्रकवाले तेवढं थांबतात.

फक्त ते फोल्डर किंवा त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकू नका. घाईत लोक युजरनेमच्या चौकोनात पासवर्ड टाइप करतात, आणि लॉग तो फसलेल्या युजरचं नाव म्हणून जसाच्या तसा लिहून ठेवतो. खालच्याच नोंदीत, काही सेकंदांच्या अंतराने, त्याच मशीनवरून खरं नावही फसलेलं असलं, तर ग्रुपमधल्या कोणालाही ती जोडी जुळवता येते.