एका चालीची तीन घरे : ‘मिस मॅक्लाउड्‌स रील’

व्हायोलिन हे वाद्य आम्हा गोमंतकीयांस परके नाही. चर्चमधील गायनास त्याची साथ पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे, आणि मांडो रंगू लागला म्हणजे घुमटाच्या जोडीला त्याचाच स्वर असतो. हेच वाद्य आयर्लंडमध्ये ‘फिडल’ या नावाने ओळखले जाते. वाद्य तेच, पण ते तेथे मुख्यतः नाचासाठी वाजते, आणि म्हणूनच त्याच्या गजाची चाल निराळी आहे. त्या फिडलवर वाजणाऱ्या एका प्रसिद्ध रीलचा इतिहास येथे पाहण्याचे आम्ही योजिले आहे. ती चाल मुळात कोणाची, आणि तिचे अनेक पाठ झाले असता त्यांतील खरा कोणता, असे दोन प्रश्न आम्हांस सोडवावयाचे आहेत.

प्रथम रील म्हणजे काय ते पाहू. हा शब्द नाचालाही लावतात आणि त्या नाचाच्या चालीलाही. चालीच्या एका खंडात आठ जलद स्वर बसतात. असे आठ खंड मिळून एक भाग होतो, आणि साधारणतः रीलचे दोन भाग असतात. प्रत्येक भाग दोनदा वाजविला म्हणजे बत्तीस खंडांची एक फेरी पुरी होते. तीस सुमारे अर्धे मिनिट लागते. वादक अशा दोनतीन फेऱ्या घेतो आणि क्षणभरही न थांबता दुसऱ्या रीलमध्ये शिरतो. नाचणाऱ्यांची पावले थांबता कामा नयेत, हा त्यातील मुख्य नियम होय.

आज रील ही आयर्लंडची ओळख झाली असली, तरी तिचे माहेर स्कॉटलंड आहे. 1591 साली स्कॉटलंडातील चेटकिणींच्या खटल्यांविषयी जी पुस्तिका छापली गेली, तीत रील नाचल्याचा उल्लेख आढळतो. आयर्लंडमध्ये हा प्रकार रुजला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणजे आयरिश संगीताचा प्राण मानली जाणारी ही वस्तू तेथे सून म्हणून आली आणि पुढे घरधनीण झाली.

आमची रीलही याच वाटेने गेली. स्कॉटलंडच्या पश्चिमेस स्काय नावाचे बेट आहे आणि त्याच्या शेजारी रासे हे लहानसे बेट. तेथे मॅक्लाउड घराण्याची सत्ता होती. इंग्रजीच्या पाठांतून आपणांस परिचित असलेले डॉक्टर जॉन्सन 1773 साली बॉस्वेलसह या घरी पाहुणे म्हणून उतरले होते. घरधन्यास तीन मुलगे व दहा मुली होत्या. सायंकाळी गालिचा गुंडाळून वादकास बोलावीत आणि नाच सुरू होई, असे वर्णन जॉन्सन यांनी करून ठेविले आहे. नील गो (1727–1807) हे त्या काळचे स्कॉटलंडातील विख्यात फिडलवादक. त्यांच्या घराण्याने एडिंबरोस प्रसिद्ध केलेल्या पाचव्या संग्रहात, 1809 साली, ही चाल ‘मिसेस मॅक्लाउड ऑफ रासे’ या नावाने छापली. ती स्काय बेटावरील मूळची रील असून मॅक्लाउड नावाच्या गृहस्थांनी ती कळविली, अशी टीपही तेथे आहे.

ही चाल आयर्लंडात गेली आणि नावापासूनच बदल सुरू झाला. ‘मिसेस’ची ‘मिस’ झाली. विवाहित स्त्री कुमारिका व्हावी, ही किमया लोकपरंपरेलाच साधते! स्वरांतही बदल झाले. आयर्लंडमध्ये प्रचलित असलेल्या पाठात चालीचा आरंभ षड्ज, गांधार आणि मंद्र पंचम यांच्याभोवती घोटाळतो. जणू नर्तकी एकाच जागी गिरक्या घेत आहे. तेथील वादक षड्ज पांढरी ‘जी’ या स्वरावर धरतात. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील मोठ्या बॅगपाइपवर मात्र तीच चाल ‘ए’ या स्वरावरून वाजते, कारण त्या वाद्याचे सप्तकच तसे बांधलेले आहे. वाद्य बदलले की चालीस आपली बैठक बदलावी लागते, हे यावरून ध्यानात येईल.

तिसरे घर अमेरिकेत. समुद्र ओलांडून गेलेल्या लोकांबरोबर ही चाल अमेरिकेच्या दक्षिणेकडील डोंगरात पोहोचली. तेथे फिडलच्या जोडीस बँजो आला, चालीवर गमतीचे शब्द बसले, आणि ‘हॉप लाइट लेडीज’ किंवा ‘अंकल जो’ अशी नावे रूढ झाली. त्या गाणाऱ्यांपैकी कितीकांस रासे बेटाचे नावही ठाऊक नसेल. पण कान देऊन ऐकणाऱ्यास चाल ओळखू येते. दूर दिलेल्या मुलीच्या लेकीच्या चेहऱ्यावर आजीची ठेवण दिसावी, तसाच हा प्रकार आहे.

एकट्या आयर्लंडमध्येही रील वाजविण्याच्या रीती प्रांताप्रांतास वेगळ्या आहेत. वायव्येकडील डोनेगालचा वादक गजाचे सुटे, ठसठशीत फटकारे मारतो. स्लायगोचा वादक वेगवान आणि अलंकारप्रिय. क्लेअरकडील वादक लय संथ ठेवून स्वरास स्वर जोडीत जातो. मुख्य स्वराभोवती शेजारचे स्वर झटकन घेऊन केलेल्या अलंकारास ते ‘रोल’ म्हणतात. आपल्या मुरकीशी त्याचे नाते जुळते. एकच बंदिश दोन घराण्यांत ऐकणाऱ्यास यात नवल वाटणार नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू : खरा पाठ कोणता? 1845 ते 1852 या काळात बटाट्याच्या पिकावर रोग पडून आयर्लंडमध्ये भीषण दुष्काळ झाला. सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली आणि जवळजवळ तितकीच देशांतरास गेली. अशा उद्ध्वस्त देशाचे संगीत जपले ते पुष्कळ अंशी परदेशात. कॉर्क परगण्यात 1848 साली जन्मलेले फ्रान्सिस ओनील पुढे शिकागोचे पोलीसप्रमुख झाले. आपल्या लोकांकडून त्यांनी चाली गोळा केल्या, आणि त्यांचे सहकारी जेम्स ओनील यांनी त्या स्वरलिपीत उतरविल्या. 1903 साली 1,850 चालींचा त्यांचा संग्रह निघाला. आमची रीलही त्यात आहे. पुढे स्लायगोचे मायकेल कोलमन (1891–1945) यांच्या न्यूयॉर्क येथे निघालेल्या ध्वनिमुद्रिका आयर्लंडमधील घरोघरी पोहोचल्या.

या दोन्ही उपकारांस एक सावली आहे. जे पुस्तकात छापले तेच शुद्ध, आणि जे तबकडीवर ऐकले तेच उत्तम, अशी समजूत पसरू लागली. कोलमन यांचे वादन अपूर्व होते यात शंका नाही. पण त्यांच्या अनुकरणापायी अन्य परगण्यांतील तरुणांस आपल्याच आजोबांचा गज गावंढळ वाटू लागला. त्यात 1935 च्या कायद्याने सार्वजनिक नाचास परवाना आवश्यक झाला आणि घरगुती नाचगाण्यांसही त्याची झळ लागली. 1951 साली ‘कोल्टस’ ही संस्था स्थापन होऊन संगीत-मेळे भरू लागले, तेव्हा लोकांचे लक्ष पुन्हा या ठेव्याकडे वळले.

एवढ्या विवेचनावरून आमचे मत असे बनले आहे की, 1809 चा छापील पाठ हा चालीचा सर्वांत जुना साक्षीदार म्हणून आदरणीय आहे. परंतु तो न्यायाधीश नव्हे. जन्माचा मान स्कॉटलंडचा; तथापि जो जो समाज ती चाल प्रेमाने वाजवितो, त्या त्या समाजाची ती झाली. पाठभेद म्हणजे चूक, असे शाळेच्या पुस्तकात ठीक आहे, कारण तेथे कर्ता ठाऊक असतो. लोकसंगीतात पाठभेद हे जिवंतपणाचे लक्षण होय.

आमच्या विद्यार्थ्यांनी या सुटीत एक काम अवश्य करावे. आपल्या घरात म्हटले जाणारे एखादे गाणे आजीकडून उतरवून घ्यावे. तेच गाणे दुसऱ्या गावच्या मामीकडूनही घ्यावे. दोन्ही पाठ वहीत समोरासमोर लिहावेत, कोणी केव्हा सांगितले तेही नोंदवावे, आणि एका पाठावरून दुसरा ‘सुधारण्याचा’ मोह कटाक्षाने टाळावा.