उशाच्या वर काय ठेवले आहे

चि. अनिकेत यास,


शहाडला तुम्ही चौथ्या मजल्यावर घर घेतलेत, खाली दुकानांचे गाळे आहेत, घरात आई आहे आणि तुझी छोटी आहे. एवढ्यावरूनच हे पत्र लिहावेसे वाटले. भूकंप झाला तर काय करायचे, हे तू मला विचारलेले नाहीस. नवे घर घेताना पाणी किती वेळ येते, स्टेशन किती लांब, देखभालीचा खर्च किती हे सगळे विचारतात, भूकंपाचे कुणी विचारत नाही. माझे सांगणे एकच आहे. जमीन हलू लागली की चौथ्या मजल्यावरून खाली पळू नका, असाल तिथेच खाली बसून डोके झाका. आणि तसे बसणे खरोखर सुरक्षित ठरावे म्हणून घरातली मांडामांड आजच बदला. यातला दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, किंबहुना जास्तच, कारण जे करायचे ते जवळजवळ सगळे हादऱ्याच्या आधी करायचे असते.

तू म्हणशील, शहाडला कुठला आलाय भूकंप! तुमच्या कसारा लाइनवरच पुढे, शहापूरकडे, भातसा धरणाच्या परिसरात १९८३ साली धक्क्यांची मालिकाच सुरू झाली होती आणि त्यातला सप्टेंबरातला धक्का ४.९ तीव्रतेचा होता. तुझ्या घरापासून ते ठिकाण चाळीसेक किलोमीटरवर आहे. डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून लोकांनी कित्येक महिने धक्के सोसले, थंडीत लहान मुलांना घेऊन तंबूत रात्री काढल्या. तेही शंभरेक किलोमीटरवरच. एवढ्या धक्क्यांनी आपले काय बिघडले, असे विचारणाऱ्याने हे लक्षात घ्यावे की तीव्रतेचा आकडा एकाने वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते. डहाणूकडच्या ४.१ च्या धक्क्यापेक्षा १९९३ सालच्या किल्लारीच्या ६.२ च्या धक्क्यात हजार पटींहून अधिक ऊर्जा होती. लहान धक्का सोसला म्हणजे मोठा सोसण्याचा सराव झाला, असा हिशेब इथे चालत नाही. भूकंपाचा धोका दाखवणाऱ्या नकाशावर विसंबावे, तर किल्लारी त्या वेळच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. आपला ठाणे जिल्हा त्यानंतर अनेक वर्षे वापरात असलेल्या नकाशात मध्यम धोक्याच्या तिसऱ्या पट्ट्यात दाखवलेला आहे. शिवाय धोका आपल्याच पायाखालून यावा असेही नाही. २६ जानेवारी २००१ रोजी भूकंप झाला कच्छात आणि दोनशेहून अधिक किलोमीटर दूरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या कितीतरी इमारती खाली गाड्यांसाठी मोकळ्या सोडलेल्या, नुसत्या खांबांवर उभ्या होत्या. १९६७ साली मोठा भूकंप झाला ती कोयना तुझ्यापासून साधारण तेवढ्याच अंतरावर आहे. अंबरनाथचे शिवमंदिर १०६० सालापासून उभे आहे, मग भीती कसली, असाही एक युक्तिवाद ऐकू येतो. ते देऊळ बुटके, रुंद बैठकीचे, दगडावर दगड बसवून रचलेले आहे. ते टिकले यावरून तिथल्या जमिनीविषयी थोडेफार कळत असेल, तुझ्या इमारतीविषयी काहीच कळत नाही.

आता पळण्याचा प्रश्न. जोराचे हलणे बहुतेक वेळा अर्धा मिनिट, फार तर मिनिटभर टिकते. तेवढ्या वेळात आईला उठवून, छोटीला कडेवर घेऊन, दाराची कडी काढून चार मजले उतरता येणार नाहीत. याचा अर्थ, ऐन हादऱ्यात तुम्ही जिन्यात असाल. आणि जिना हा इमारतीचा कच्चा भाग असतो. दोन मजल्यांच्या मध्ये तिरका बसवलेला असल्यामुळे इमारत डोलताना त्याच्यावर फार ताण येतो, तिथे तडे लवकर जातात, आणि पळणाऱ्यांची चेंगराचेंगरीही तिथेच होते. धडपडत दाराशी पोचलात तरी वरून सज्जा, कठडा, खिडक्यांच्या काचा, एसीचे डबे पडत असतात. लिफ्टचे तर नावच नको. १ फेब्रुवारी २०१९ रोजी डहाणू तालुक्यात धक्क्यानंतर घराबाहेर पळताना पडून एक दोन वर्षांची मुलगी गेली. त्या धक्क्याने घर कोसळून ती गेली नव्हती. मात्र त्याच वर्षी जुलैत त्याच भागात भिंत अंगावर येऊन एक माणूस गेला, हेही विसरून चालणार नाही. म्हणून नियम घरागणिक वेगळा करावा लागतो. कच्च्या विटांचे किंवा मातीत रचलेल्या दगडांचे बैठे घर असेल, दार चार पावलांवर असेल आणि बाहेर खरोखर मोकळे अंगण असेल, तर बाहेर पडणेच शहाणपणाचे. उल्हासनगरच्या जुन्या बराकींत आणि चाळींत राहणाऱ्या तुझ्या ओळखीच्यांना हे सांगताना एवढे जोड की समोर हातभर गल्ली, दोन्ही बाजूंना भिंती आणि डोक्यावर विजेच्या तारा असतील, तर ते बाहेर पडणे नव्हे. तुझ्या चौथ्या मजल्याला यातले काहीच लागू होत नाही. तुम्ही आतच थांबायचे.

याच्यावरचा सर्वांत बिनतोड आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो उल्हासनगरच्या माणसाने घेतला तर त्याला मोडीत काढता येत नाही. मे २०२१ मध्ये पंधरा दिवसांच्या आत उल्हासनगरात मोहिनी पॅलेस आणि साई शक्ती या दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. साई शक्तीत सात माणसे गेली. तेव्हा भूकंप नव्हता, जमीन केसभरही हलली नव्हती. नव्वदच्या दशकात तिथल्या कितीतरी इमारती कमअस्सल उलवा रेतीने बांधल्या गेल्या, ही गोष्ट त्यानंतर सगळीकडे बोलली गेली. जी इमारत शांत दुपारी उभी राहत नाही, तिच्यात हादऱ्याच्या वेळी गुडघ्यांवर बसून काय होणार, असे कुणी विचारले तर माझे उत्तर असे: काही होणार नाही, पण पळूनही काही होणार नाही. अशा इमारतीचा निकाल त्या मिनिटात लागत नाही, तो आधीच्या वर्षांत लागलेला असतो. म्हणून तुझ्या इमारतीचे वय काढ. तीस वर्षांपेक्षा जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणे कायद्यानेच बंधनकारक आहे. ते झाले आहे का, अहवाल कुठे आहे, त्यात सुचवलेली दुरुस्ती झाली का, हे सोसायटीच्या सभेत उभे राहून विचार. नवा सभासद म्हणून संकोच करू नकोस. खालच्या गाळ्यांत कुणी जागा वाढवण्यासाठी भिंत पाडली असेल किंवा खांब तासला असेल, तर तो त्या दुकानदाराचा खासगी मामला नाही, कारण वरचे सगळे मजले त्याच खांबांवर आहेत. स्लॅबच्या पोटातून गंजलेल्या सळया दिसत असतील, प्लास्टरचे पोपडे सळयांसकट सुटत असतील, तर नुसता रंग मारून घेण्यात समाधान मानू नका. अहवाल वाईट आला तर घर सोडायची तयारी ठेव, हे मी तुझ्या कर्जाचे हप्ते जाणूनच लिहिते आहे. आणि अहवाल बरा आला, तर तुझ्या इमारतीत आत बसून राहणे हेच पळण्यापेक्षा सुरक्षित, हे मनाशी पक्के धर. बऱ्या बांधलेल्या इमारती सहसा सबंध कोसळत नाहीत. त्यांच्यात माणसांना इजा होते ती पडणाऱ्या वस्तूंनी आणि स्वतःच्या धावपळीने.

म्हणूनच वस्तूंविषयी मी जरा विस्ताराने लिहिणार आहे. महाराष्ट्रातले दोन सर्वांत जीवघेणे भूकंप पहाटेच्या अंधारात झाले. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा चार वाजून गेल्यावर, सुमारे १८० माणसे घेऊन गेला. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा चारला चार मिनिटे कमी असताना, गणपती विसर्जनाने थकून लोक गाढ झोपले होते तेव्हा. त्यात आठ ते दहा हजार माणसे गेली. ती जमिनीने गिळली नाहीत. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि वर मातीचा थर चढवलेले जड माळवद झोपलेल्यांच्या अंगावर आले. त्याच गावांतल्या हलक्या छपराच्या झोपड्यांतली माणसे तुलनेने वाचली. डोक्यावर किती वजन आहे, यावर तिथे जगणे-मरणे ठरले. तुझ्या घरात माळवद नाही, पण डोक्यावरचे वजन आपण हौसेने आणि नाइलाजाने साठवतोच. तुमच्याकडे पाण्याची ओढाताण असते म्हणून लोक माळ्यावर टाकी बसवतात. पाचशे लिटरची टाकी भरली की अर्धा टन वजन झाले. ती कशावर बसवली आहे, तिच्या खाली कोण झोपते किंवा कोण रांधते, हे आजच पाहा. कपाटाच्या माथ्यावरच्या बॅगा उतरव. पितळी भांडी, वरवंटा, पुरणयंत्र, तेलाचे डबे हे सगळे माळ्यावरून खालच्या फळीवर येऊ दे. सुतार बोलावून लोखंडी कपाट, फ्रिजशेजारची मांडणी आणि पुस्तकांचे शेल्फ भिंतीला पट्ट्यांनी जखडून घे. टीव्ही नुसता टेबलावर ठेवलेला असेल तर तोही बांध. आईची खाट खिडकीपासून आणि कपाटापासून दूर सरकव, तिच्या उशाच्या वर भिंतीवर जड फोटो किंवा घड्याळ नको. गॅसचा सिलिंडर साखळीने भिंतीशी बांधता येतो. हा सगळा खर्च एका सणाच्या खरेदीइतकाही होणार नाही, म्हणून पैशाची सबब मी ऐकणार नाही.

एवढे झाले की त्या मिनिटात करायचे थोडेच उरते. मजबूत लाकडी टेबल असेल तर त्याच्याखाली शिरा आणि पाय धरून ठेवा, म्हणजे ते सरकले तरी तुम्ही त्याच्याबरोबर सरकाल. काचेचे जेवणाचे टेबल यासाठी कामाचे नाही, आणि सामान भरलेल्या दिवाणाखाली शिरता येत नाही. तसे काही नसेल तर आतल्या भिंतीच्या कोपऱ्याशी, खिडकीपासून लांब, गुडघ्यांवर बसून मान आणि डोके दोन्ही हातांनी किंवा उशीने झाका. आईचे गुडघे पाहता तिला खाली बसवायच्या भानगडीत पडू नका. ती खाटेवर असेल तर तिथेच कुशीवर वळून डोक्यावर उशी घेऊ दे, खुर्चीत असेल तर पुढे वाकून मान झाकू दे. दाराच्या चौकटीत उभे राहा, हा सल्ला मातीच्या घरांच्या काळातला आहे. सिमेंटच्या घरात चौकट भिंतीहून बळकट नसते, उलट दार आपटून बोटे चिरडतात. टेबलाखाली न जाता शेजारी आडवे व्हा, तिथे त्रिकोणी पोकळी राहते, असा एक निरोप मोबाइलवर वर्षानुवर्षे फिरतो आहे. कोसळलेल्या घरात कुठे पोकळी राहील हे आधी कुणालाच सांगता येत नाही, आणि हलणाऱ्या खोलीत कपाटे-पलंग जागेवर राहत नाहीत. न कोसळलेल्या घरात मात्र तो शेजारी पडलेला माणूस उघड्यावर असतो. कोयनेसारख्या दूरच्या जागी मोठा भूकंप झालाच, तर आधी एक हलका धक्का जाणवेल आणि खरे डोलणे वीस-पंचवीस सेकंदांनी येईल. ती सवलत छोटीला जवळ ओढण्यासाठी आणि गॅस चालू असेल तर बंद करण्यासाठी वापरा, जिना गाठण्यासाठी नको. भूकंप जवळचा असेल तर ती सवलतही मिळणार नाही.

हलणे थांबले की घाईने उठू नका. अंथरुणाजवळ पिशवीत चपला आणि टॉर्च ठेवलेले असावेत, कारण पहिली जखम काचांवर पाय पडून होते. रेग्युलेटर बंद करा. गॅसचा वास येत असेल तर दिव्याच्या बटणाला हातही लावू नका, मेणबत्ती आणि काडेपेटी तर नाहीच. वास नसेल तर मेन स्विच पाडा. मग खांबांकडे पाहा. प्लास्टरवरची केसासारखी रेघ वेगळी आणि खांबाला गेलेली तिरकी, बोट शिरेल अशी भेग वेगळी. दुसऱ्या प्रकारची दिसली, किंवा दारे चौकटीत अडकू लागली, तर जिन्याने, भिंतीच्या बाजूने, सावकाश उतरा आणि इंजिनिअरने पाहिल्याशिवाय दागिन्यांसाठीसुद्धा परत वर जाऊ नका. मागून येणारे धक्के पहिल्याने खिळखिळे केलेलेच पाडतात. खाली आल्यावर शहाडच्या पुलाखाली किंवा इमारतींच्या सावलीत थांबू नका. मोकळे मैदान आधीच ठरवून ठेवा आणि एकमेकांना तिथेच शोधा. तुमच्या पट्ट्यात, अंबरनाथपर्यंत, रासायनिक कारखाने आहेत. उग्र वास आला तर नाकाला ओले फडके लावून वारा ज्या दिशेने वाहतो आहे तिच्या आडव्या दिशेने दूर व्हा. दबून अडकलाच तर ओरडून दम घालवू नका, तोंडावर कापड धरा आणि पाइपवर किंवा भिंतीवर ठोकत राहा. फोन ११२ ला लावायचा तो कुणी जखमी असेल तरच. नातेवाइकांना दोन शब्दांचा संदेश पुरे, मलासुद्धा. आणि आज रात्री अमुक वाजता पुन्हा होणार, बारवी धरण फुटले, भातसा फुटले असे निरोप आले तर पुढे पाठवू नका. भूकंपाची वेळ जगात कुणालाही आधी सांगता येत नाही, आणि धरणाविषयीचे खरे ते प्रशासनाकडूनच कळेल.

या रविवारी सगळे घरी असाल तेव्हा हे पत्र मोठ्याने वाचा आणि कामे वाटून घ्या. छोटीला कुणी धरायचे, आईपाशी कुणी थांबायचे, गॅस कुणी पाहायचा. आईची औषधे, तिचा जादा चष्मा, पाण्याच्या बाटल्या, कागदपत्रांच्या प्रती आणि एक शिट्टी अशी पिशवी दारामागच्या खुंटीला लावा. मग एकदा दिवे घालवून, अंधारात, आपापल्या जागी बसून पाहा. कुणाची जागा कुठे अडते ते लगेच कळेल. सोसायटीची सभा कधी आहे आणि ऑडिटचे काय उत्तर मिळाले, ते मला कळव. आईला नमस्कार, छोटीला पापा.

तुझी,
आत्या